आजोळाच्या वाटेने

कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराला त्याचा इतिहास विचारावा, तर पहिले नाव निघते ते मूळ पुरुषाचे. तो कुठून आला, कोणाच्या अमदानीत आला, जमीन कशी मिळाली, मुलगे किती आणि त्यांचे वाटे कसे पडले, एवढे सांगून झाले की सांगणाऱ्याला घराणे सांगितल्याचे समाधान मिळते. अलिबागच्या किनाऱ्यावरील अष्टागरात तर या सांगण्याला जमिनीचा भक्कम आधार असतो. विहीर कोणी खोदली, पोफळी कोणी लावल्या, कुंपणाचा वाद कोणत्या पिढीत झाला, हे सगळे पुरुषांच्या नावांवर बांधलेले असते. बायका येतात त्या कोणाची तरी आई किंवा कोणाची तरी दुसरी बायको म्हणून. नागाव, अक्षी, चौल, रेवदंडा या पट्ट्यातल्या घरांची एकोणिसाव्या शतकातली हकीकत घरात आलेल्या आणि घरातून बाहेर पडलेल्या स्त्रियांच्या बाजूने मांडायची, असे या संग्रहाने ठरवले आहे. मूळ इतिहासाला जोडलेली पुरवणी म्हणून कोणी तो वाचू नये. या वाटेने गेल्यावाचून किनाऱ्यावरचे घराणे मुळात कसे घडले हेच कळत नाही, असे माझे म्हणणे आहे.

या भागात लिखित पुरावा फार जुना आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू. नागावला लागून असलेल्या अक्षीचा शिलालेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२चा मानला जातो आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. खुद्द नागावातही भीमेश्वराच्या देवळापाशी चौदाव्या शतकातला, हंबीररावाच्या काळातला मराठी लेख आहे. दान कोणी दिले, कोणाच्या राज्यात दिले, साक्षीला कोण होते, हे असे लेख सांगतात. पण उत्तर कोकणात सापडणाऱ्या गद्धेगाळांकडे नीट पाहावे. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढव व स्त्री यांची कोरीव आकृती. दिलेले दान जो मोडील त्याच्या आईला उद्देशून ती शिवी आहे. म्हणजे जमिनीच्या कागदात, तो कागद दगडाचा होता तेव्हापासून, बाई आहेच. ती मालक नाही, साक्षीदारही नाही. कराराला धाक हवा म्हणून तिची अब्रू तारण ठेवलेली आहे. पुढच्या आठशे वर्षांत कागद बदलले, शिक्के बदलले, शिवी गेली. बाईची जागा मात्र फारशी सरकली नाही. घराण्यांच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याने हा दगड विसरू नये.

आज आपण ज्याला घराण्याचा इतिहास म्हणतो त्याचा साचा एकोणिसाव्या शतकात बसला, आणि तो बसवण्यात सरकारी चौकशीचा वाटा मोठा होता. आंग्र्यांचे कुलाबा संस्थान वारस नसल्याचे कारण देऊन १८४०मध्ये इंग्रजांनी खालसा केले. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि मुंबई इलाख्यातल्या इनामदार घरांना आपला हक्क कागदाने सिद्ध करावा लागला. कैफियती लिहिल्या गेल्या, वंशावळी जोडल्या गेल्या. हक्क बापाकडून मुलाकडे जात असल्याने वंशावळही तेवढीच लागत होती. सरकारने जे विचारले नाही ते कोणी लिहिले नाही. पुढे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी गावोगावची दप्तरे पालथी घालून १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापायला घेतली, १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, आणि घरातल्या माळ्यावरचे रुमाल हे इतिहासाचे साधन असते ही जाण सर्वदूर पोचली. त्याच वातावरणात कुलवृत्तांत नावाचा प्रकार फोफावला. चित्पावनांच्या आडनावाआडनावांचे कुलवृत्तांत विसाव्या शतकात निघाले, पाठोपाठ इतर ज्ञातींनीही आपापले ग्रंथ केले. या ग्रंथांना नावे ठेवण्याची आज पद्धत पडली आहे, ती मला मान्य नाही. पत्रे पाठवून, गावे हिंडून, तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांच्या वह्या उघडून त्यांच्या संपादकांनी जी माहिती गोळा केली ती त्यांच्याविना गेलीच असती. चांगल्या कुलवृत्तांतात पत्नीचे माहेरचे नाव आणि वडिलांचे नाव दिलेले असते, मुलींचीही नोंद असते. अडचण पुढे आहे. मुलाच्या नावापुढे त्याचा व्यवसाय, स्वभाव, बदल्या, अपत्ये येतात. मुलीच्या नावापुढे जावयाचे नाव, गाव आणि पूर्णविराम येतो. ती आता दुसऱ्या ग्रंथाचा विषय झाली असे समजले जाते, आणि त्या दुसऱ्या ग्रंथात ती पत्नी म्हणून एका ओळीत येते. अशा रीतीने तिचे अर्धे आयुष्य एका ग्रंथात, अर्धे दुसऱ्यात, आणि सलग कुठेच नाही.

या साच्याच्या बाहेर काही वेगळ्या वाटा पडल्या. १८८३च्या कुलाबा गॅझेटियरने जातवार माणसे, पिके, बंदरे मोजली. त्यात बायकांचा पेहराव आणि दागिने सापडतात, बायका सापडत नाहीत. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८९७मध्ये बेने इस्राईल या कोकणातल्या यहुदी समाजाचा इतिहास लिहून काढला, तो १९३७मध्ये तेल अवीवमध्ये छापला गेला. अष्टागराच्या दृष्टीने हा ग्रंथ फार मोलाचा, आणि त्या समाजाकडे मी पुढे येणार आहे. तिसरी वाट स्त्रियांच्या आत्मकथनांची. रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई टिळक, आनंदीबाई कर्वे यांनी आपापल्या आठवणी लिहिताना सासर-माहेर अशा दोन्ही घरांच्या आतली व्यवस्था नोंदवून ठेवली. कोणी कोणाला शिकवले, कोणी अडवले, सोवळ्यातल्या आत्याबाईचा शब्द किती चालायचा, हे कुठल्याही वंशावळीत मिळणार नाही. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी १९८९मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती एकत्र केल्या, आणि जिथे माळ्यावर रुमाल नसतात तिथेही इतिहास लिहिता येतो हे मराठीत पक्के झाले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. बाईने आपल्या माहेरच्या गावाचे, भावाचे, आईचे नाव जिथे न घाबरता घेतले अशी ही बहुधा सगळ्यांत मोठी जागा.

दूरदेशीही हीच झटापट झालेली आहे. अमेरिकेत पश्चिमेकडे वसाहत करायला गेलेल्या कुटुंबांच्या वंशावळींचे वेड मोठे. पण बैलगाडीच्या वाटेवर बायकांनी लिहिलेल्या रोजनिशा लिलियन श्लिसेल यांनी १९८२मध्ये एकत्र छापल्या, तेव्हा त्याच प्रवासाचे निराळेच चित्र पुढे आले. मार्था बॅलर्ड या मेन प्रांतातल्या सुईणीने १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षे रोजनिशी ठेवली होती. ती कोणाला माहीत नव्हती असे नाही. किरकोळ घरगुती तपशील म्हणून ती बाजूला पडली होती. लॉरेल थॅचर उलरिक यांनी १९९०मध्ये त्याच किरकोळ नोंदींतून एका नदीकाठच्या गावाचे सगळे अर्थकारण आणि नातेसंबंध उभे केले. कागद तेच, वाचणाऱ्याने विचारलेला प्रश्न वेगळा.

तो प्रश्न आपल्याकडे लावून पाहायला डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याइतके बोलके उदाहरण नाही, आणि त्या उदाहरणाचा एक टप्पा नागावपासून दोन-अडीच कोसांवर आहे. १८६५मध्ये जन्मलेली कल्याणच्या जोशांची यमुना १८७४मध्ये नऊ वर्षांची असताना पोस्टात नोकरीला असलेल्या बिजवर गोपाळरावांना दिली गेली आणि आनंदी झाली. गोपाळरावांची बदली अलिबागला झाली, मग कोल्हापूर, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. सासरच्या वंशवृक्षावर तिची फांदी लगेच संपते. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसांत गेला, पुढे अपत्य नाही, आणि फेब्रुवारी १८८७मध्ये बाविसावे वर्ष पुरे व्हायच्या आत ती स्वतः गेली. बापाकडून मुलाकडे उतरणारी रेघ काढणाऱ्याला इथे काढायला काही उरत नाही. आता दुसऱ्या बाजूने पाहा. अलिबागेस तिच्या सोबतीला आजी होती. गोपाळरावांचे एक पत्र अमेरिकेतल्या मिशनरी नियतकालिकात छापले गेले, ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी वाचले, आणि त्यांनी एका अनोळखी मराठी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. एप्रिल १८८३मध्ये त्या कलकत्त्याहून पतीविना निघाल्या, जूनमध्ये न्यू यॉर्कला उतरल्या, याच मावशीच्या घरी राहिल्या, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. मृत्यूनंतर त्यांच्या अस्थी पकिप्सीच्या स्मशानभूमीत कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. त्यांचे इंग्रजी चरित्र १८८८मध्ये कॅरोलिन डॉल या बाईंनी लिहिले, मराठी चरित्र काशीबाई कानिटकरांनी. पुढच्या शतकात अंजली कीर्तने आणि मीरा कोसंबी यांनी पुन्हा सगळे कागद शोधून काढले. या स्त्रीला वाढवणारी, सांभाळणारी, पुरणारी आणि आठवणारी माणसे पाहिली तर एक भरगच्च कुटुंब दिसते. त्यातले निम्मे रक्ताचे नाही. तरी ते कुटुंब नाही असे कोण म्हणेल? १८८०च्या दशकात एका घरातली बाई उंबरा ओलांडून जेव्हा सर्वांच्या आधी कुठे गेली, तेव्हा ती आजीच्या आणि मानलेल्या मावशीच्या आधाराने गेली. ही जाळी वंशवृक्षात उभी दिसत नाही, कारण ती आडवी पसरलेली असते.

अष्टागरातल्या बेने इस्राईल घरांनी तर आईकडच्या नात्यांचा हा प्रश्न फार कडू स्वरूपात सोसला. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, अशी त्यांची उगमकथा. कुळाच्या सुरुवातीलाच बायका मोजणारी अशी कथा आपल्या भागात दुसरी नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते शनवार तेली म्हणवले गेले, आणि पुढे राहत्या गावावरून आडनावे लागली : किहीमकर, पेणकर, रोहेकर, नवगावकर, झिराड. रेवदंडा आणि अलिबाग इथली त्यांची सिनेगॉग एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीतली. गावाचे आडनाव हा शोधकाला मोठा आधार, पण तो बापाच्या गावापुरता. डॉ. जेरुशा झिराड यांचे आडनाव अलिबाग तालुक्यातल्या झिराडचे; जन्म शिमोग्याचा, शिक्षण पुणे, मुंबई आणि लंडनचे, कारकीर्द मुंबईच्या कामा रुग्णालयातली, १९६६मध्ये पद्मश्री. त्यांची आई आणि आजी कोणत्या गावच्या, हे ते आडनाव सांगू शकत नाही. आता १९६२ साल घ्या. इस्राएलला गेलेल्या बेने इस्राईलांपैकी कोणी इतर यहुद्यांशी लग्न ठरवले, तर आईची, आजीची आणि शक्य तितक्या मागची परंपरा तपासा, असा हुकूम तिथल्या मुख्य रब्बींनी काढला. यहुदी धर्मशास्त्रात धर्म आईकडून येतो. ज्यांच्या नावागावांत सगळी ओळख बापाकडून उतरलेली, त्यांना एकाएकी आईकडची साखळी मांडा असे सांगण्यात आले. या अपमानाविरुद्ध त्या समाजाने मोठा लढा दिला आणि १९६४मध्ये इस्राएलच्या संसदेने त्यांचा समान दर्जा जाहीर केला, हे योग्यच झाले. कोणाचीही आजी माणसाच्या हक्कांची अट होऊ नये. पण या प्रकरणातून हेही उघड झाले की आजीचे गाव माहीत असणे ही हौसेची बाब राहत नाही. न विचारता गेलेली पिढी एखाद्या दिवशी फार महाग पडते.

यावर आक्षेप येतील, आणि ते बिनबुडाचे नाहीत. पहिला आक्षेप साधनांचा : एकोणिसाव्या शतकातल्या नागावच्या सामान्य बाईने काही लिहून ठेवलेले नाही, मग इतिहास कशावरून लिहिणार? कागद तुटपुंजे आहेत हे खरे. शिवाय लग्नात नाव बदलायचे, त्यामुळे माहेरच्या नोंदीतली यमुना आणि सासरच्या नोंदीतली आनंदी एकच, हे सिद्ध करायलाच कष्ट पडतात. तरी साधने आहेत, फक्त ती दप्तरात नसून घरात विखुरलेली आहेत. जुन्या घरातले तांब्या-पितळेचे भांडे उलटे करून पाहावे. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरे असतात : देणाऱ्याचे नाव, कधी मुलीचे नाव, कधी गाव आणि तारीख. मामाने भाचीला दिलेल्या घागरीवर दोन घरांचा संबंध, त्याचा काळ आणि त्याची ऐपत तीनही येतात. वारस-नोंदीचे फेरफार, शाळेचे दाखले, सुईणीच्या तोंडी राहिलेले बाळंतपणांचे क्रम, ओव्यांतली माहेरची नावे, देवीच्या ओटीला कोणत्या गावाहून कोण येते याची रीत, हे सगळे एकमेकांशी ताडून पाहिले की एकेका बाईचा माग बराच मागे जातो. तोंडी हकीकत चुकते, वाढवून सांगितली जाते, हे कबूल. कुलवृत्तांतातला मूळ पुरुष तरी कुठे नेहमी कागदावर सिद्ध झालेला असतो?

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. घराण्याचा इतिहास म्हणजे शेवटी जातीचा अभिमान, तो आईकडून लिहिला काय आणि बापाकडून लिहिला काय, असे म्हणणारे आहेत. लग्ने जातीतच होत आल्याने आजोळाची वाट जातीच्या कुंपणाबाहेर नेत नाही, हे मान्यच करायला हवे. ज्याला अभिमानच पोसायचा आहे तो पणजीच्या नावानेही पोसू शकतो. पण वाट एक फरक करते. मूळ पुरुषाकडे पाहिले की हक्क दिसतात. घरात आलेल्या बाईकडे पाहिले की श्रम दिसतात. वाडी शिंपणे, सुपारी सोलणे, मासळी वाळवणे आणि बाजारी नेणे, मिठागरावरची पाटी, भाताची लावणी, यांतले काहीही वंशावळीत येत नाही. श्रमाकडे लक्ष गेले की आगरी, कोळी, भंडारी, माळी, महार, कातकरी घरांचा इतिहास ब्राह्मण-प्रभू घरांच्या इतिहासाच्या बरोबरीने उभा राहतो, कारण ते श्रम एकाच वाडीत, एकाच बाजारात एकमेकांना भेटत होते. विधवेच्या केशवपनाची सक्ती एका घरात आणि पाटाचे लग्न शेजारच्या घरात, हे शेजारी शेजारी ठेवून पाहिले की जात बाईच्या अंगावर कशी उतरते तेही दिसते. अभिमान वाढवण्यापेक्षा तो तपासायला भाग पाडण्याचे बळ या पद्धतीत जास्त आहे.

आणि आज हे का करायचे? नागावच्या वाड्यांचे भाव गेल्या काही दशकांत कुठच्या कुठे गेले आहेत. पोफळी जाऊन तिथे पर्यटकांच्या खोल्या, मुंबईकरांचे बंगले उभे राहत आहेत. प्रत्येक व्यवहाराआधी वारस शोधावे लागतात, आणि महाराष्ट्रात १९९४च्या व देशभर २००५च्या दुरुस्तीनंतर हिंदू घरांतल्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क आहे. त्यामुळे ज्यांची नावे घराच्या इतिहासात एका ओळीत संपली होती त्या आत्या, बहिणी आणि त्यांची मुले यांचा पत्ता आता तलाठी कार्यालयासाठी काढला जातो. बहुतेक वेळा तो हक्कसोड पत्रावर सही घेण्यापुरताच. भावाशी संबंध राहावेत म्हणून ती सही देते, आणि घराण्याच्या कागदात बाईचे पूर्ण नाव पहिल्यांदा उमटते ते घराण्याच्या जमिनीवर पाणी सोडताना. यात मला मोठा अन्याय दिसतो, आणि तो निव्वळ कायद्याने सुटणारा नाही. घराच्या गोष्टीत तिचे स्थान आधी मान्य व्हावे लागेल. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर बाळाच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला आहे. ही पोरे मोठी होऊन आपल्या आईच्या आईचे नाव विचारतील तेव्हा सांगणारी माणसे उरली असतील का, हा प्रश्न आत्ताचा आहे. एकोणिसाव्या शतकात जन्मलेल्या आज्यांना पाहिलेली पिढी वयाच्या शेवटच्या टप्प्यात आहे.

या संग्रहाची मांडणी वरच्या सगळ्या विचारातून आली आहे. घराणे आडनावावरून न बांधता एकेका स्त्रीभोवती बांधले आहे : तिचे आजोळ, माहेर, सासर, आणि असेल तर मुंबईतली चाळ. नाते रक्ताचे, लग्नाचे की मानलेले, हे स्पष्ट सांगितले आहे आणि मानलेल्या नात्याला कमी लेखलेले नाही. कागदावरची माहिती, वस्तूवरची माहिती आणि तोंडी माहिती वेगवेगळी ओळखता येईल अशी ठेवली आहे. तिन्हींत विरोध असेल तिथे तो मिटवलेला नाही. जिवंत व्यक्तींची नावे त्यांच्या संमतीविना घेतलेली नाहीत. असामान्य बायकांचा गौरवग्रंथ करण्याचा मोहही टाळला आहे. सगळ्यांत आधी शाळेत गेलेली, सगळ्यांत आधी बोटीत बसलेली बाई इथे भेटते, पण तिच्या मागे घर सांभाळायला राहिलेली जाऊही तेवढ्याच विस्ताराने भेटते, कारण एकीचे जाणे दुसरीच्या राहण्यावर अवलंबून होते. काही साखळ्या दोन पिढ्यांतच थांबतात. तिथे अंदाजाने नावे भरली नाहीत. कोणाला विचारले, कोणते भांडे, कोणता दाखला, कोणता फेरफार पाहून झाला आणि कोणता राहिला, एवढे लिहून जागा मोकळी सोडली आहे. अष्टागरात, मुंबईत, इस्राएलमधल्या अश्दोद वा दिमोनात ज्यांच्याकडे त्या साखळीची पुढची कडी असेल, त्यांनी ती याच पानाच्या समासात लिहावी, आणि पुढच्या आवृत्तीसाठी संपादकांना कळवावी.